राहून गेलेला धडा

अमडापूरच्या पंजाबरावांच्या घरी धाकट्या गजेंद्रची हळद होती. थोरली सून पुष्पांजली पहाटेच उठली. तिने पाणी भरलं, पुऱ्यांची कणीक मळली. पाहुणे मांडवात जमू लागले, तसं सासूने, रुखमाबाईंनी, तिला मागची खोली दाखवली.

"तू तिकडंच बस वं. मनकर्णाबाई हायेच सोबतीले. हळद लागेस्तोर बाहीर येऊ नको."

पुष्पांजलीचा नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. या घरात तिला कोणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. फक्त शुभकार्य निघालं, की ती कोणाला दिसू नये एवढीच सगळ्यांची इच्छा असे.

मधल्या काळात एक जागा तिला तिची वाटली होती. चिखलीला विद्यापीठाच्या प्रशिक्षण केंद्रात रुग्णसेवेचा वर्ग चालायचा. नसीमा मॅडम हजेरी घेताना तिचंही नाव सगळ्यांसारखंच पुकारायच्या. पण अनुदान येईना. सरावाचा रबरी पुतळा आलाच नाही, मॅडमचं मानधन थकलं आणि दिवाळीनंतर वर्गाला कुलूप लागलं. घशात घास अडकला तर काय करायचं, हा धडा पुतळ्यासाठी पुढे ढकलला होता. तो राहूनच गेला.

मागच्या खोलीत मनकर्णाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. रुखमाबाईंची ही थोरली बहीण ऐन तारुण्यात विधवा झालेली. बाहेर बायकांचा हशा उसळला, तशा त्या म्हणाल्या, "भाचेपुतने सारे लग्नाचे झाले पोरी, पन हळद मले निसती आयकूच येते."

कोणीतरी दारातून दोन ताटं सरकवली. मनकर्णाबाईंनी लाडवाचा तुकडा तोंडात टाकला आणि एकदम गळा धरला. आवाज फुटेना. पुष्पांजलीने त्यांना पुढे वाकवून पाठीवर थापा मारल्या. पुन्हा मारल्या. पुढे काय? पुढचं तिला ठाऊक नव्हतं.

ती मांडवाकडे धावली. "कोनी या वो! मावशीले श्वास येऊन नाही राह्यला!"

डीजेच्या आवाजात कोणाला काही कळेना. एका बाईने तिला दंडाला धरून मागे लोटलं. "अवं, नवरदेवासमोर काऊन आली तू?"

तिचं म्हणणं लोकांच्या ध्यानात येईपर्यंत मनकर्णाबाई गेल्या होत्या.

लग्न लांबलं. विधवा मांडवात आली म्हणून असं झालं, असं भावकी बोलू लागली. रुखमाबाई तर तिच्यावर ओरडल्याच, "दवाखान्याचं शिकत होती ना तू? मंग काऊन नाही वाचवलं माह्या बहिनीले?"

"अर्धंच शिकली होती आई. अन् मी हाका मारत होती, तं तुमी लोकायनं मले मांगं लोटलं," पुष्पांजली म्हणाली. "आता मांगच्या खोलीत मी बसनार नाही. पुढच्या कार्यात बी नाही."

त्यानंतर घरात तिच्याशी कोणी बोलेना.

ती चिखलीला गेली. केंद्रासमोर टेम्पोत वर्गातल्या खाटा चढवणं चालू होतं. विद्यापीठाच्या साहेबांना तिने विचारलं, "वर्ग कधी चालू होईन?"

"अनुदान आल्यावर पाहू, ताई."

"कधी येईन थे?"

साहेब खाटा मोजणाऱ्या माणसाकडे वळले.

तशीच एसटीने ती बुलढाण्याला गेली. नसीमा मॅडम आता तिथल्या एका खासगी दवाखान्यात नोकरीला होत्या. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पुतळा नाही तर नाही. पाठमोरी उभी राहा," त्या म्हणाल्या. मागून दोन्ही हात तिच्या कमरेभोवती घालून त्यांनी बेंबीच्या वर मूठ टेकवली. "इथे. आत आणि वर दाबायचं. जोराने."

नवरा गेल्यापासून तिला कोणी असं कवेत धरलं नव्हतं. पुष्पांजली हमसून हमसून रडू लागली. मॅडमनी हात सोडले नाहीत. ती शांत झाल्यावर म्हणाल्या, "आता तू करून दाखव."

तिने करून दाखवलं. मग डोळे पुसत म्हणाली, "वर्गातल्या बाकीच्या बायायले मी घेऊन येतो मॅडम. पन तुमी तरी सुट्टीत किती दिवस शिकवसान?"

नसीमा मॅडमनी घड्याळ पाहिलं. जेवणाची सुट्टी संपली होती. या प्रश्नाचं उत्तर त्या एकट्या बाईने का द्यावं?