पहारेकऱ्याने मान कशी हलवली?

मित्रांनो, मी एक जुना प्रोजेक्टर आहे आणि गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही. सुरू झालो की खर्रर्र आवाज करतो, म्हणून मुलं मला 'घोरेकाका' म्हणतात. म्हणू देत!

कारखान्यातून निघालो तेव्हा मी काय चकाचक होतो! मला जुळवणाऱ्या कारागिराने माझ्या भिंगात बघून स्वतःचा भांग नीट केला होता. मग शाळेत आलो. फुलपाखरं दाखवली, ज्वालामुखी दाखवले, टाळ्या घेतल्या. पुढे शाळेत मोठा टीव्ही आला आणि माझी रवानगी नकाशांच्या खोलीत झाली. अंगावर धूळ, शेजारी मोडका पृथ्वीगोल.

तिथून मला बाहेर काढलं ते नीतिशिक्षणाच्या बाईंनी. 'नेहमी खरे बोलावे' हे फळ्यावर लिहून लिहून त्या स्वतःच कंटाळल्या होत्या. त्या तासाला त्यांनी चक्क सिनेमे सुरू केले! त्यांची रीत तर भारीच. सिनेमातल्या माणसाला काहीतरी अवघड ठरवायचं असतं ना, नेमक्या त्याच क्षणी त्या ओरडायच्या, "थांबव!" मग विचारायच्या, "बोला, तुम्ही काय केलं असतं?"

आता माझी एक खोड ऐका. फिल्मची पट्टी माझ्यात थांबली आणि दिवा चालूच राहिला, तर ती उष्णतेने जळते. म्हणून आधी दिवा बंद, मग मोटर. त्यामुळे सगळा वाद मिट्ट अंधारात व्हायचा. आणि तोंड दिसत नाही म्हटल्यावर एरवी हूं की चूं न करणारी मुलंही काय तावातावाने बोलायची!

मला चालवायची ती वरच्या वर्गातली ताई. माझ्यावर तिचा इतका जीव, की माझ्या मोटरच्या पट्ट्याला दुसऱ्या कोणी बोटही लावलेलं तिला खपायचं नाही. तिची धाकटी बहीण भिंगरी. ही पोरगी एका जागी शांत बसेल तर शपथ! खूप मागे लागल्यावर ताईने एकदा तिला माझी बटणं दाबू दिली.

त्या दिवशी सिनेमा होता एका पहारेकऱ्याचा. त्याच्या जिवलग मित्राच्या हातून गोदामाला आग लागते, ते फक्त हा पहारेकरी बघतो, आणि आळ येतो एका अनोळखी माणसावर. न्यायाधीश विचारतात, "हाच होता का तो?" पहारेकरी मान वर करतो...

"थांबव!" बाई म्हणाल्या.

"मी सांगते, मी सांगते!" भिंगरी उत्साहाने किंचाळली, मोटर बंद केली आणि दिवा विसरली. पडद्यावर पहारेकऱ्याच्या कपाळावर तपकिरी फोड आला, तो पसरला, भोक पडलं. घाबरून तिने पट्टी ओढली, तर हातभर पट्टी दातेरी चाकात चुरगळून फाटली.

जळका वास आला तशा मोठ्या बाई धावत आल्या. "हे कोणी केलं?"

"मी," ताई पटकन म्हणाली.

"उद्यापासून मशीनला हात लावायचा नाही."

बाकी सगळ्यांचे डोळे पडद्यावर होते, खरं काय ते मीच पाहिलं होतं. मला तोंड असतं तर! पण माझ्याकडे फक्त भिंग.

सगळे गेल्यावर दोघी माझ्यापाशी उभ्या राहिल्या.

"ताई, खोटं का बोललीस गं?"

"मग काय करू? तुला ओरडा बसू देऊ?"

"बरं, मला सांग, पहारेकऱ्याने काय करावं?"

"खरं सांगावं. त्यात काय विचारायचं?"

"मित्र अडकला तरी?"

"तरीही."

"वा गं वा! पहारेकऱ्याने खरं बोलायचं आणि तू नाही?"

"अगं, तो सिनेमा आहे!"

"म्हणजे बाईंनी इतके दिवस आपल्याला नुसती गंमत दाखवली?"

भिंगरी दारापर्यंत गेली, परत आली. "ताई, सोबत येतेस? मला जाम भीती वाटतेय." मग दोघी मोठ्या बाईंकडे गेल्या. परतल्या तेव्हा भिंगरीचे डोळे लाल होते, पण चाल पुन्हा तश्शीच, उड्या मारत! ताईचा हात पुन्हा माझ्या पट्ट्यावर आला. भिंगरीला मिळालं पट्टी जोडायचं आणि रोज मला पुसायचं काम.

पट्टी जोडली, पण खराब झालेला तुकडा कापावाच लागला, आणि नेमकी त्यातच पहारेकऱ्याची मान हलत होती! आता तो मान वर करतो आणि पुढच्याच क्षणी रस्त्याने घरी चाललेला दिसतो. सिनेमा संपतो. त्याने 'हो' म्हटलं की 'नाही', कुणालाच कळत नाही. बाईंना ठाऊक आहे, पण सांगतील तर ना! प्रत्येक नवा वर्ग भांडभांड भांडतो आणि मी थंड होत ऐकत बसतो. यापेक्षा जास्त सुख मला कोणत्याच टाळ्यांनी दिलं नाही.

तर मित्रांनो, तुमच्या शाळेच्या कोपऱ्यात माझ्यासारखं कोणी धूळ खात पडलं असेल, तर त्याला बाहेर काढा. मऊ फडक्याने पुसा, थेंबभर तेल द्या. चुकून त्याची पट्टी तुटलीच, तर लपवू नका. ती जोडता येते. मात्र जोडायला बसताना शेजारी कोणीतरी असू द्या, म्हणजे भीती कमी वाटते.