पुसलेलं बेट

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. सकाळपासून मान खाली घालून बसलेलं असतं, त्यामुळे दुपारी घरी आलं की दोन घास खायचे आणि सासूबाईंबरोबर तासभर बेटावर जायचं, असा तीन वर्षांचा नेम होता. बेट म्हणजे गेममधलं. ओसाड बेटावर रस्ते, घरं, धक्का, बागा असं हळूहळू वसवत न्यायचं. त्यात कोणी हरत नाही, कोणी मरत नाही. नवऱ्याला वाटायचं, मी एकटीच खेळते. तो लिफ्टच्या दुरुस्तीवर जातो आणि येतो संध्याकाळी, त्यामुळे त्याला आमचं काहीच ठाऊक नव्हतं. त्याला सांगायचंही कधी मनात आलं नाही. सांगितलं असतं तर चेष्टाच झाली असती.

त्या शनिवारी घरी आले, तर रजा घेतलेला नवरा आणि त्याचे तीन मित्र सोफ्यावर दाटीवाटीनं बसून फुटबॉलचा नवा गेम खेळत होते.

"तुमचं झालं की सांगा," मी म्हटलं.

"हो, हो," नवरा टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाला. "आणि अगं, तुझा तो गेम काढून टाकलाय मी. कन्सोलवर जागाच नव्हती."

"काढला म्हणजे? माझा सेव्ह? आजवर खेळलेलं सगळं?"

"सगळंच काढलं. त्याशिवाय हा मावेना. तुझा परत टाकू की कधीतरी."

गेम परत टाकता आला असता. बेट नाही. त्याच्या खात्याची प्रत आपोआप इंटरनेटवर जायची. माझ्या खात्याची तशी सोय 'करून देतो, करून देतो' म्हणत त्यानं कधी केलीच नव्हती.

तेवढ्यात मित्रांपैकी एक, ज्याला सगळे गोली म्हणतात, तो हसला. "वहिनी, तो काय गेम आहे का? झाडांना पाणी घालत बसायचं! खेळताना कसा घाम फुटला पाहिजे."

मागच्या वर्षी स्पर्धेत हरल्यावर माझ्या नवऱ्यानं कंट्रोलर भिंतीवर फेकून मारला होता. भिंतीचा उडालेला पोपडा अजून तसाच आहे. त्या दिवशी घरात आम्ही दोघी चोरपावलांनी वावरत होतो, कारण साहेब हरले होते. तेव्हा 'गेमच तर आहे' असं कोणी म्हटलं नव्हतं.

"काढताना त्या कन्सोलनं विचारलं असेल ना, नक्की काढू का म्हणून?"

"दोनदा विचारलं," नवरा म्हणाला. वर हसला. "फार भित्रं आहे ते."

"त्याला दोनदा विचारावंसं वाटलं. तुला एकदाही नाही?"

मी टीव्हीमागे गेले आणि प्लग खेचून काढला. सामना दोन-दोन बरोबरीत होता म्हणे, शेवटची मिनिटं चालू होती. चौघं एकदम ओरडले.

"डोकं फिरलंय का तुझं?" नवरा उठून उभा राहिला. "एका गेमपायी एवढा तमाशा? चार माणसांसमोर?"

"हो, गेमपायी! तुझा तो खेळ आणि माझा तो टाइमपास का?"

आवाज ऐकून सासूबाई काठी टेकत बाहेर आल्या. त्यांच्या हातात आलेख-कागदाची गुंडाळी होती. तीस वर्षं त्यांनी भूमापन कार्यालयात नकाशे काढले. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा अंथरुणात पडल्या पडल्या कंटाळून रडायला यायच्या, म्हणून मी त्यांच्या हातात कंट्रोलर दिला होता. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "हा रस्ता चुकलाय गं. पाणी घरात शिरेल." तेव्हापासून बेटाचा एकेक रस्ता आधी त्यांच्या कागदावर उतरायचा, मग टीव्हीवर.

"दीपगृहाकडचा चढ बसला बघ शेवटी," त्या मला म्हणाल्या. "तीन वळणं घ्यावी लागली."

"आई, बेट नाही राहिलं," मी म्हटलं.

नवरा आमच्याकडे आळीपाळीनं बघत होता. "आई, तू? तू गेम खेळतेस?"

मग त्याचा चेहरा पडला. कान लाल झाले. मित्र चपला शोधायला लागले.

खरी आग माझ्या डोक्यात तेव्हा पेटली. माझं गेलं तेव्हा तो तमाशा होता. आईचं गेलं म्हटल्यावर चूक झाली.

"आई, सॉरी. मला माहीत असतं तर मी हात तरी लावला असता का?"

"काय माहीत असतं तर?" सासूबाईंचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "माझं आहे हे? हिचं आहे हे तर माहीत होतं ना तुला?"

तो फोन काढून सर्व्हिस सेंटरचा नंबर शोधायला लागला.

रविवारभर तो फोनवर होता. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी हात वर केले. संध्याकाळी त्यानं गेम पुन्हा टाकला आणि कंट्रोलर आईसमोर धरला. "नकाशे आहेत ना तुझ्याकडे. सगळं तसंच होईल."

"होईल ना," सासूबाई म्हणाल्या आणि सगळे कागद त्याच्या मांडीवर ठेवले. "तू कर."

सलग चार दिवस तो संध्याकाळी बसला. रस्ते वाकडे, धक्का अर्धवट. पाचव्या दिवशी गोलीचा फोन आला आणि हा उठून शर्ट घालायला लागला.

"आणि बेट?" मी विचारलं.

"अगं, मला नाही आवडत ते. झोप येते खेळताना. प्रत्येकाची आवड वेगळी असते की नाही?"

"असते ना! मला तुझा फुटबॉल बघवत नाही. इतक्या वर्षांत त्याला कधी हात लावला मी?"

शर्टाची बटणं अर्धी लावलेली, तो तसाच उभा राहिला. मग गोलीला फोन करून येत नाही म्हणाला, आणि धाडकन सोफ्यावर बसला. सासूबाई खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसल्या. त्या कंट्रोलरला हात लावत नाहीत. फक्त "हे काढ, परत कर," एवढं म्हणतात.

दोन महिने झाले. तो धुसफुसत बसतो, चुकतो, परत करतो. काल मला म्हणाला, "आता तरी राग गेला का?"

मी खरं तेच सांगितलं. नाही गेला.