पटकन निघणारी मोजडी

माझा भाऊ साईराज बोलतो कमी, हुकूम जास्त सोडतो. लग्नाच्या आधी त्याचा मेसेज आला, 'ताई, आईला चांगली चप्पल घे. पुढून बंद पाहिजे. गोल्डन चालेल.' बंदच का, ते लिहिलं नव्हतं. मीही विचारलं नाही. कुंभिवलीहून सासूची परवानगी काढून मी माहेरी कडावला आले आणि आईला घेऊन चप्पल शोधायला निघाले.

आईच्या पायाला चप्पल मिळणं म्हणजे दिव्यच. जन्मभर अनवाणी चिखलात भात लावून तिचा पंजा असा पसरलाय की बोटांनी एकमेकांशी बोलणं टाकलंय. रोज ती माझ्या वडिलांच्या, आबांच्याच रबरी चपला घालते. पण लग्न कशेळ्याच्या रस्त्याला एका रिसॉर्टवर होतं आणि वरमाय रबरी चपलेत कशी जाणार?

कडावच्या दुकानात तिच्या मापाचं काहीच निघालं नाही. कर्जतच्या बाजारात दोन दुकानं झाली. सगळा बायकांचा माल पुढून निमुळता. बेताची घातली तर करंगळी बाहेर, मोठी घातली तर मागं टाच सुटे. जणू बाईनं पाय रुंद होईपर्यंत कष्ट करावेत, पण मग लग्नाला जाऊ नये. एका ठिकाणी छान रुंद सँडल मिळाली, तर पुढून उघडी. साईराजला फोटो पाठवला, लगेच उत्तर आलं, 'बोटं दिसतायत. नको.' दुसरीकडं बंद मिळाली, तर आई अडून बसली.

"हिला पट्टा हाय गं. मला पटकन निघाया पायजे."

"लग्नात चप्पल काढायची एवढी कसली घाई? पळून जायचंय का तुला?"

ती नुसती हसली. माझं डोकं मात्र तापलं होतं.

शेवटी झहीरभाईंच्या दुकानात शिरलो. त्यांनी आईला बसवलं, चार डबे उघडले, चारही बंद केले. मग वरच्या फळीवरून जरीची सोनेरी मोजडी काढली. पुढून गोल, रुंद, मऊ.

"मावशी, हा नवरदेवाचा माल हाय. पन साडीखाली कोन बघतंय? जरा दाबते वाटलं तर लाकडी फर्म्यावर तानून देतो."

आईनं पाय घातला, काढला. परत घातला, परत काढला. "निघते गं जना," ती म्हणाली. तिचा चेहरा असा खुलला की मला उगाच भरून आलं. साईराजचं उत्तर आलं, 'ओके. पाय झाकले जातायत ना?'

परतताना टमटममध्ये तिनं गुपित फोडलं.

"इहीनबाई पाय धुवाया बसली, का मी पट्टा सोडीत बसू व्हय?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मुलीच्या आईनं वरमायचे पाय धुवायचे, ही आमच्याकडची रीत. मला ती कधीच पटली नाही. माझ्या लग्नात माझ्या आईनं माझ्या सासूचे पाय धुतले होते. पाणी गार आहे म्हणून सासूनं तांब्या परत पाठवला होता, भर मांडवात. आई उठली, पाणी कोमट करून आणलं, परत खाली बसली. मी शालू नेसून बघत होते. त्या दिवशी ती मला एवढंच म्हणाली, "साईराजच्या लग्नात पाटावर मी."

ती हे इतकी वर्षं धरून बसली असेल असं मला वाटलं नव्हतं. लग्नापर्यंत ती रोज वजरीनं टाचा घासत होती, भेगांत तूप भरत होती.

साईराज आणि रियाचं लग्न लागलं. जेवणाआधी विहीणबाई ताट घेऊन येताना दिसल्या आणि आईनं गुपचूप मोजडी काढून खुर्चीखाली सारली. साडी चार बोटं वर घेतली. दोन्ही पाय जवळ ठेवून ती सरळ बसली, शाळेत नाव पुकारायची वाट बघावी तशी.

ताटात साडी होती, नारळ होता. तांब्या नव्हता.

"पाय धुवायचं साईराजनी नको सांगितलं," विहीणबाई अदबीनं म्हणाल्या. "तुम्हाला संकोच वाटतो म्हणाले. आम्ही तर चांदीचं तबकही काढून ठेवलं होतं."

आई क्षणभर पायांकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बरा केला त्यानं." ओटी घेतली आणि पायानंच चाचपून मोजडी ओढली. पाय पटकन गेले आत.

मी साईराजला स्टेजमागं गाठलं.

"अगं ताई, क्लोजअप घेतात ते," तो म्हणाला. "मोठ्या स्क्रीनवर लाईव्ह चाललंय. रियाच्या ऑफिसचे सगळे बसलेत. आईचे पाय तू बघितलेयस ना?"

"रीतच बंद करायची होती, तर माझ्या लग्नात करायचीस."

"तेव्हा मी लहान होतो."

आणखी बरंच तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात कॅमेरावाला आला, 'भाऊ-बहीण, स्माईल' म्हणाला आणि आम्ही दोघंही हसलो. त्या हसण्याची मला अजून चीड येते.

संध्याकाळी वरात कडावला आली. रिया उंच टाचांनी बेजार झाली होती, लंगडतच दारापर्यंत पोचली. नवी नवरी उंबऱ्यावर आली की सासूनं तिच्या पायांवर दूधपाणी घालायचं. ही रीत कोणी नको म्हटली नव्हती. आईनं माझ्याकडून तांब्या घेतला, आत बोटं बुडवून पाहिली आणि परत माझ्या हातात दिला.

"गार हाय. कोमट करून आन. पोरीचं पाय दुखत्यात."

मी आणलं. आईनं मोजडी काढून बाजूला ठेवली आणि अनवाणी पायांनी रियासमोर उकिडवी बसली. मेंदीचे ते गोरे, निमुळते पाय तिनं एकेक करून हातात घेतले, धुतले, पदरानं टिपले. "आई, राहू द्या," रिया हळूच म्हणाली. पण आईचं चालूच होतं.

साईराज पुढं सरकून फोनवर सगळं टिपत होता. आईनं मान वर केली आणि स्वतःचे पाय साडीखाली ओढून घेतले.

"घे रं, जवळनं घे," ती म्हणाली. "हे पाय दाखवाया बरं हायती."

त्यानं फोन खाली केला. पण तोवर व्हिडिओ काढून झाला होता.