मुशी सोलणारी सुरी

मित्रांनो, मी एक जुनी सुरी आहे. दगडावर घासून घासून माझे पाते बोटाएवढे अरुंद झाले आहे आणि मूठ निसटू नये म्हणून तिला तार गुंडाळलेली आहे. एका लोहाराने मला मोडक्या करवतीतून घडवले. "हिला भाजी चिरायला लावू नका, रुसेल," असे तो मला विकताना म्हणाला होता. ज्याने मला घेतले, तो मासेमार होता. बंदराचा सारा धक्का त्याला 'मुशीवाले काका' म्हणत असे.

या नावाला कारण होते. इतर मासेमार ज्या माशांना पाहून नाक मुरडत, तेच काका हौसेने धरत. मुशी म्हणजे हातभर लांबीचा लहान शार्क. पाखट म्हणजे परातीसारखा चपटा, पंख हलवत पोहणारा मासा. दोघांच्याही मांसात काटे नसतात, नुसती मऊ कूर्चा असते. पण दोघेही भारी मानी. धरल्याबरोबर त्यांचे रक्त वाहू दिले नाही, तर मांसाला असा उग्र दर्प सुटतो की मांजरसुद्धा तोंड फिरवते.

म्हणून काका मला रोज होडीवर नेत. आकडे बांधलेला लांब दोर ते हळूहळू वर ओढत. पाखट आले, तर आधी त्याच्या शेपटीवरचा विषारी काटा उडवायचा. मुशी आली, तर कल्ल्यांमागे चीर द्यायची, पोट साफ करायचे आणि मासा धुऊन ओल्या गोणपाटाखाली झाकायचा. पुढचे काम काकूंचे. संध्याकाळी मी काकांच्या हातातून काकूंच्या हातात जाई.

मुशीच्या कातडीला हात लावून पाहिलाय कधी? पॉलिश पेपरसारखी खरखरीत असते. काकू मुशी उकळत्या पाण्यात जेमतेम बुडवून काढत, लगेच गार पाण्यात टाकत आणि माझ्या पात्याच्या पाठीने खरवडत. खालून पांढरेशुभ्र मांस निघे. पाखटाचे मात्र दोन्ही पंख तेवढे कापून त्या ते लिंबाच्या पाण्यात ठेवत. शेजारपाजारचे लोक वाडगी घेऊन दारात उभे राहत. ओट्यापाशी काका कधी फिरकले नाहीत आणि काकूंनी कधी होडीत पाय ठेवला नाही.

"किती वेळ बुडवतेस गं?" काकांनी एकदा बाहेरूनच विचारले.

"तुम्हाला काय करायचंय? तुम्ही आपलं आयतं पानावर बसा," काकू हसून म्हणाल्या. विषय तिथेच राहिला.

मग एका तापाचे निमित्त झाले आणि काकू गेल्या. दूरच्या शहरात दिलेली मुलगी आली, काही दिवस राहिली आणि डोळे पुसत परत गेली. घर एवढे गप्प झाले की नळाचे थेंब मोजता यावेत. जेवायच्या वेळी काका फळीवरून दोन ताटल्या काढत आणि एक परत ठेवत.

पुन्हा होडी काढली, त्या दिवशी त्यांना एक सुरेख मुशी मिळाली. घरी येऊन त्यांनी पातेल्यात पाणी उकळले, मासा आत सोडला आणि खिडकीबाहेर बघत बसले. फार वेळ झाला होता. मासा शिजत होता. मित्रांनो, समुद्रावरचे काम मला ठाऊक होते आणि ओट्यावरचेही; पण सुरीने सांगायचे कसे? खरवडायला घेतले, तर कातडीबरोबर मांसाचाही भुगा झाला. काकांनी तो टाकून दिला आणि मीठभात खाल्ला. पुढच्या खेपेला त्यांनी पाणीच वापरले नाही. बोटे तेवढी सोलवटून घेतली. मग त्यांनी नाद सोडला. होडी किनाऱ्यावर पालथी पडली. मी मोरीच्या कडेला ओलीच राहिले आणि मला गंज चढू लागला.

एके दिवशी शेजारची शिंपीण दारात आली. "काका, मामंजींनी जेवण सोडलंय," ती म्हणाली. "दात नाहीत, काट्याची धास्ती. काकूंच्या हातची मुशी तेवढी मागतात."

"ती गेली, तिच्याबरोबर तेही गेलं, पोरी. मला नाही येत."

"मलाही नाही येत. पण मी पुष्कळदा इथे उभी असायची. मासा पाण्यात सोडला की काकू एक ओवी म्हणायच्या. ओवी संपली की मासा बाहेर."

ती ओवी काकांना पाठ होती. जन्मभर त्यांनी ती बाहेरच्या खोलीत बसून ऐकली होती. त्यांना वाटे, बायको खुशीत आहे, म्हणून गाते आहे.

दुसऱ्या दिवशी होडी पाण्यात गेली. मला राखेने घासून दगडावर धार लावली होती. संध्याकाळी पाणी उकळले. काकांनी मुशी आत सोडली आणि घोगऱ्या, बेसूर आवाजात ओवी म्हणायला सुरुवात केली. शेवटच्या शब्दाला त्यांनी मासा बाहेर काढला. माझ्या पात्याची पाठ तिच्यावरून फिरली आणि कातडी अलगद सुटली. शिंपिणीच्या सासऱ्यांनी वाडगे निपटून खाल्ले. काका घरी परतले आणि रिकाम्या ओट्याला म्हणाले, "एवढंच होतं होय गं?"

आता काका थकले आहेत. मुलगी त्यांना आपल्या घरी घेऊन गेली, बरोबर मीही आले. इथे मासे साफ होऊनच येतात. मी खणात पडून असते. कधी पार्सलची सुतळी कापायला बाहेर निघते. काका गॅलरीत बसतात. सगळे त्यांच्याशी गोड बोलतात, पण त्यांना कुणी काही विचारत नाही.

मित्रांनो, काम झाले की आम्हा सुऱ्यांना धुऊन कोरडे पुसून ठेवत जा, एवढी माझी विनंती आहे. आणि घरात जे माणूस रोज काही करत असते, त्याच्याजवळ जरा जाऊन उभे राहा. कसे करतोस, म्हणून विचारा. हसण्यावारी नेले, तर पुन्हा विचारा. मी लोखंडाची आहे, मला विचारता येत नाही. तुम्हाला येते.