गेटबाहेरची सायकल

“आज आपण पृथ्वी वाचवणार आहोत,” मागच्या सीटवरून साहेबांनी जाहीर केलं. “एसी जरा वाढव.”

ड्रायव्हरने एसी वाढवला. जागतिक वाहनमुक्त दिनाचं भाषण साहेबांच्या मांडीवर फडफडायला लागलं, तसा त्यांनी त्यावर चष्म्याचा डबा ठेवला. आज चाळीस देशांतल्या शाखांमधले प्रमुख सायकलवरून कामावर जाणार होते. साहेबांच्या कंपनीत बाटल्यांची झाकणं तयार होत. पृथ्वीशी तिचा संबंध आजवर जागेच्या भाड्यापुरताच होता, पण मुख्य कार्यालयाचा आदेश म्हणजे आदेश.

“कंपनीच्या अलीकडच्या भिंतीआड थांबव. गाडी कुणाला दिसता कामा नये.”

“मग पुढे, साहेब?”

“पुढे मी सायकलवर.”

“सायकल कुठली?”

“ते प्रसिद्धीबाई बघतायत.”

कंपनीच्या प्रसिद्धी विभागात एकच बाई होत्या, म्हणून त्यांना सगळेच प्रसिद्धीबाई म्हणत. त्या गेटसमोर एका भल्या थोरल्या पुठ्ठ्याच्या खोक्याशेजारी उभ्या होत्या. मुलाकडचे बघायला यावेत आणि घरात दूध नासलेलं निघावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

“सर, सायकल आली आहे.”

“वा! कुठाय?”

बाईंनी खोक्याकडे पाहिलं. साहेबांनीही पाहिलं. खोक्यावर सायकलचं सुंदर चित्र होतं.

“सुटी आली आहे, सर. जोडणारा माणूस उद्या येतोय.”

“उद्या? आणि साडेदहाला मुख्य कार्यालयाला काय दाखवायचं, खोकं?” साहेबांनी घड्याळ पाहिलं. दहा वाजून सात मिनिटं. “दोनशे माणसं आहेत इथे. एकाकडेही सायकल नाही?”

तीन वर्षांपूर्वी आवाराची शोभा राखण्यासाठी सायकलींना गेटच्या आत मनाई झाली होती. बाहेर लावलेल्या सायकली एकेक करून चोरीला गेल्या आणि माणसांनी हप्त्यावर मोटारसायकली घेतल्या. त्यांना आत परवानगी होती. शोभेच्या दृष्टीने परिपत्रक पूर्ण यशस्वी झालं होतं. एवढी एकच सायकल उरली होती.

ती गेटबाहेरच्या विजेच्या खांबाला दोन कुलपांनी बांधलेली होती. काळी, जुनी, पण दांडीवर धुळीचा कण नाही. सीटवर चढवलेली पिशवी गळ्याशी दोरीने आवळलेली, एखाद्या म्हाताऱ्याच्या कानटोपीसारखी. बाईंची नजर तिच्यावर गेली, मग साहेबांची, आणि मग दोघांची मिळून साहेबांमागून चालत आलेल्या ड्रायव्हरवर.

“अरे, ही तुझीच ना!” साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. “बघा बाई, आपल्याच घरात रत्नं असतात. आण, आण आत.”

“नाही मिळणार,” ड्रायव्हर म्हणाला.

गेटवरच्या रखवालदाराने चहाचा पेला खाली ठेवला.

“अरे, पाच मिनिटांचा प्रश्न आहे.”

“माझा तीन वर्षांचा आहे, साहेब.”

तो रोज नऊ किलोमीटर सायकल मारत येई, खांबाला ती बांधे आणि कंपनीची गाडी घेऊन साहेबांना आणायला जाई. तीन वर्षांत त्या खांबापाशी दोनदा घंटी गेली, एकदा सीट गेली. गेल्या पावसाळ्यात पुढचं चाक गेलं, तेव्हा उरलेली सायकल खांद्यावर टाकून तो घरापर्यंत चालला होता. सायकल आत लावू द्या, म्हणून त्याने तीन अर्ज दिले. तिन्ही परत आले. “निदान परत तरी आले,” बायको म्हणाली होती. “चाक आलं का?”

“सायकल आत आणायला बंदी आहे,” तो आता म्हणाला. “सही तुमचीच आहे.”

“कलम चार,” रखवालदाराने आठवण करून दिली. परिपत्रक त्याच्या खोलीच्या काचेवर डकवलेलं होतं.

“मी सांगतोय ना, आणू दे!”

“लेखी लागेल, साहेब. मागे तुमच्या तोंडी सांगण्यावरून टँकर सोडला, तर मला मेमो मिळाला.”

“कुणी दिला?”

“तुम्हीच.”

प्रसिद्धीबाईंनी साहेबांच्या हातातलं भाषण घेतलं, शेवटच्या पानाच्या पाठीवर भराभर परवानगीच्या चार ओळी लिहिल्या आणि पेन पुढे केलं. ड्रायव्हरने मान तिरकी करून वाचलं.

“‘आजच्या दिवसापुरती’ हे खोडा.”

“ही धोरणाची बाब आहे,” साहेब म्हणाले. “असं गेटवर उभ्याउभ्या ठरत नसतं.”

“माझे तिन्ही अर्ज तुम्ही उभ्याउभ्याच परत केलेत. एक तर गाडीत बसता बसता. दार मीच धरलं होतं.”

वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडायला लागल्या होत्या. साहेबांचे कान लाल झाले.

“नोकरी कुणाची करतोस तू?”

“तुमची. अकरा वर्षं झाली. गाडी तुमची, पेट्रोल तुमचं, अंगावरचा गणवेशही तुमचाच.” ड्रायव्हरने खिशातून गाडीची किल्ली काढली आणि साहेबांच्या तळहातावर ठेवली. “सायकल माझी आहे. आणि आज वाहनमुक्त दिन आहे ना? मीही भाग घेतोय. संध्याकाळी तुमचं तुम्ही बघा.”

“उद्यापासून येऊ नकोस म्हटलं तर?”

“तर नाही येणार. सायकल घरीच राहील, चोरीची भीती गेली.”

रखवालदार “अडला हरी” एवढंच पुटपुटला आणि पुढचं त्याने गिळलं, कारण म्हणीत पुढे प्राणी येतो आणि समोर साहेब होते.

“सर, दहा अठरा,” बाई म्हणाल्या. “आपली शाखा सोडून एकोणचाळीस जणांचं आलंय. बारा सेकंदांचा व्हिडिओ हवा. गेटपासून पायऱ्यांपर्यंत, चालवताना.”

“चालवताना?” साहेबांनी किल्ली या हातातून त्या हातात घेतली. “हँडल धरून उभा राहिलो तर?”

“गेल्या वर्षी एका शाखेने तसं पाठवलं होतं, सर. परत आलं.”

साहेब क्षणभर खोक्यावरच्या चित्राकडे बघत राहिले. मग त्यांनी पेन घेतलं, ‘आजच्या दिवसापुरती’वर आडवी रेघ मारली आणि सही केली. रखवालदाराने कागद काचेपाशी नेला, दोन्ही सह्या ताडून पाहिल्या, शिक्का शोधला, शिक्क्याची शाई शोधली आणि मग सावकाश फाटक उघडलं.

ड्रायव्हरने दोन्ही कुलपं काढली. साखळी गळ्यात टाकली, पिशवीची गाठ सोडली, रुमालाने सीट पुसली. साहेबांनी हात पुढे केला, पण तो त्यांच्या शेजारून तसाच पुढे गेला. आवार ओलांडून तो सायकल थेट पत्र्याच्या शेडमध्ये घेऊन गेला आणि साहेबांच्या गाडीच्या रिकाम्या जागेशेजारी त्याने ती स्टँडवर लावली. दोन पावलं मागे सरून बघितली. पुन्हा पुढे होऊन हँडल जरासं सरळ केलं.

“अरे, दहा सत्तावीस! आता तरी दे!” साहेब ओरडले.

“देतो, साहेब. आधी तिला तिची जागा बघू दे.”

वरून कुणीतरी टाळी वाजवली. मग दोन-चार खिडक्यांतून वाजल्या. प्रसिद्धीबाईंनी मान खाली घालून फोनची काच पुसायला घेतली.

सायकल गेटपाशी आली. साहेबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. घंटी वाजवून पाहिली, चांगली वाजते म्हणाले. टायर दाबून पाहिला, तोही चांगला आहे म्हणाले. कोट नीट केला. सीटची उंची योग्य आहे का विचारलं, आणि योग्य आहे हे कळल्यावर थोडे नाराज झाले. मग एक पाय पलीकडे टाकून ते सीटवर टेकले आणि दोन्ही मुठींनी हँडल असं आवळलं की बोटांची पेरं पांढरी पडली.

“सर, हसा,” बाई पायऱ्यांवरून ओरडल्या. “पाच म्हटलं की निघा. एक... दोन...”

साहेब हसले. हसता हसता त्यांनी डाव्या हाताचं एक बोट हँडलवरून कसंबसं सोडवलं आणि ड्रायव्हरला जवळ यायची खूण केली.

ड्रायव्हर गेला. आता नोकरी जाणार असेल तर ती सायकलवरूनच जाणार, या विचाराने त्याने छाती पुढे काढली.

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. नजर फोनवर, हसू तसंच जागच्या जागी. फक्त ओठ किंचित हलले.

“मला येत नाही रे,” ते म्हणाले. “कधीच येत नव्हती. मागून धरशील का?”

ड्रायव्हरने गळ्यातली साखळी काढून रखवालदाराकडे दिली, बाह्या वर सारल्या, खाली वाकून सीटच्या मागची पट्टी दोन्ही हातांनी पकडली आणि जोर लावला. सायकल जागची हलली नाही. त्याने पुन्हा जोर लावला.

“चार...” बाई म्हणाल्या.

“धरलंय, साहेब,” तो खालूनच म्हणाला. “आता तेवढे ब्रेक सोडा.”