रंगाचं वजन

आमचे हे मुलाला फोनवर "बरं" म्हणाले आणि मी हातातलं काम टाकून त्यांच्याकडे बघायला लागले. उभ्या आयुष्यात या माणसाने कुणाचं एका शब्दात ऐकलं असेल तर शपथ. मुलगा सांगत होता की गॅरेजचं जड दार काढून टाकू, तिथे भिंत घालू, एक खोली वाढेल. सोमवारी गवंडी पाठवतो म्हणाला. ह्यांनी "बरं" म्हणून फोन माझ्या हातात दिला आणि खिडकीबाहेर बघत बसले.

आमच्या गॅरेजात गाडी कधी आलीच नाही. ते ह्यांचं दुकान. दुकानांच्या पाट्या रंगवणं हा ह्यांचा धंदा, आणि उमेदीची सगळी वर्षं त्या दाराआड गेली. मग मेंदूला झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. तरी पठ्ठ्या डाव्या हाताने ब्रश धरायला शिकला. स्वयंपाकघरात बसून रद्दीच्या कागदांवर अक्षरं गिरवायचे. पण गॅरेजात जायला वाट एकच, आणि बिजागऱ्यांनी जोडलेल्या फळ्यांचं, वर सरकून छताखाली आडवं होणारं ते लाकडी दार एका हाताने काही उचलेना. मी उघडून देते म्हटलं, तर म्हणाले, "ज्याला आपलं दुकान उघडता येत नाही, त्याने ते चालवू नये." त्या दिवसापासून ब्रशही ठेवून दिला.

मी चिडले की गप्प बसत नाही. सोमवार उजाडायच्या आत दारं दुरुस्त करणाऱ्या एका बाईला बोलावलं. पोरगी माझ्या मुलीच्या वयाची, तोंडाने माझ्यापेक्षा फटकळ. तिने दाराला हात घातला, अर्धवट उचललं आणि धाडकन सोडून दिलं.

"काकू, हे दार आहे की किल्ला?"

तिने रूळ पाहिले, चाकं फिरवली. सगळं स्वच्छ, सगळं तेल घातलेलं. या माणसाने माझ्या गुडघ्यांची कधी चौकशी केली नाही, पण दाराच्या बिजागऱ्या एक दिवस कोरड्या पडू दिल्या नाहीत. मग तिने दाराच्या वर आडवी बसवलेली जाड स्प्रिंग दाखवली. "दार माणूस उचलत नाही काकू, ही उचलते. हिला पीळ दिलेला असतो. दाराच्या वजनाइतकी ती वर ओढते, आपण नुसता इशारा करायचा." स्प्रिंगही धडधाकट होती. मग ती डोकं खाजवायला लागली.

"वजनकाटा आहे घरात?"

मी बाथरूममधला काटा आणून दिला. तिने स्प्रिंगचा पीळ उतरवला, पहारीने दार जरासं उचलून खाली काटा सरकवला आणि आकडा बघून तोंड वाकडं केलं. "काटा बिघडलाय. या मापाचं दार एवढं भरत नाही." तिने काटा बाहेर काढला आणि मला त्यावर उभं केलं. माझं वजन नेहमीचंच निघालं, दुर्दैवाने. काटा बरोबर होता.

मग माझ्याच डोक्यात उजेड पडला. नवा डबा फोडला की ह्यांचा पहिला हात दारावर. गिऱ्हाईकाला रंग दाखवायचा असेल, दारावर. अक्षराचं वळण जमत नसेल, दारावर. मग पुसायचं म्हणून वरून दुसरा रंग. आत-बाहेर दोन्ही बाजूंनी. लोक हसतात, दाराची रया गेली, म्हणून मी किती वर्षं भांडले! पोरीने कोपऱ्यात सुरी घालून एक टवका काढला. बिस्किटाएवढा जाड. कडेला सगळ्यात वर हिरवा, त्याखाली पिवळा, त्याखाली आणखी काय काय, मोजता येईना. सिमेंटच्या अर्ध्या पोत्याएवढा नुसता रंग त्या दारावर होता. आणि आमचे हे तेवढं वजन रोज उचलत होते. दार वर्षानुवर्षं जड होत गेलं आणि ह्यांच्या उजव्या हाताला त्याचा पत्ताच लागला नाही. मी तो टवका हातात घेऊन वेड्यासारखी बघत राहिले.

"दोन उपाय आहेत," पोरगी म्हणाली. "सगळा रंग खरवडायचा, नाहीतर याच वजनाची नवी स्प्रिंग बसवायची."

"खरवडा," हे अंगणात टाकलेल्या खुर्चीतून म्हणाले. "काय ठेवायचंय त्यात?"

"खबरदार," मी ओरडले. "एका टवक्याला हात लावाल तर माझ्याशी गाठ आहे!" जन्मभर त्या रंगावरून भांडलेली मी, पण तेव्हा ते आठवायला सवड नव्हती.

दुपारी ती जाडजूड स्प्रिंग घेऊन आली. आम्हाला लांबच थांबवलं. पीळ देताना गज सुटला तर हाड मोडतं म्हणाली. दोन लोखंडी गज आलटून पालटून घालत ती पीळ देत गेली. स्प्रिंग कण्हत होती, पोरीच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. शेवटी तिने दार कमरेपर्यंत उचललं आणि दोन्ही हात काढून घेतले.

दार तिथेच राहिलं.

वर गेलं नाही, खाली आलं नाही. एवढं मोठं दार, ह्यांच्या सगळ्या वर्षांचा रंग अंगावर घेऊन, हवेत थांबलं होतं. मी खाली वाकून बघितलं, कुठे काही टेकू लावलाय का. काही नव्हतं. आयुष्यात मी पुष्कळ पाहिलंय, पण असं काही पाहिलं नव्हतं.

हे कधी उठून आले कळलंच नाही. त्यांनी डावा हात दाराखाली घातला, हातही कसला, दोन बोटं. दार वर गेलं. आवाज न करता, छताखाली जाऊन निजलं. ह्यांनी ते खाली ओढलं. परत वर केलं. परत खाली. मग आत शिरले, दिवा लावला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तू जा आता. मला काम आहे."

आणि त्यांनी आतून दार ओढून घेतलं, माझ्या तोंडावर. मी तिथेच उभी राहून रडले, पोरीसमोर, लाज न बाळगता. आतून डबे सरकवल्याचा आवाज येत होता.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. गवंड्याची वेळ ठरवायची होती.

"बाबांना दे," तो म्हणाला. "आहेत कुठे?"

"दुकानात," मी म्हटलं.