कांजिण्यांच्या वेळी उशाशी

ताईला कांजिण्या कधी झाल्याच नव्हत्या. हे तिला एक्कावन्नाव्या वर्षी रक्ताच्या रिपोर्टवरून कळलं. वॉर्डच्या सिस्टरसमोर उभ्या उभ्या तिने तो कागद दोनदा उलटून पाहिला, पण मागची बाजू कोरी होती.

“तुमच्या लॅबची चूक असेल,” ती म्हणाली. “मला झाल्यात. आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.”

“घरातल्यांना माहीत असून उपयोग नाही, रक्ताला माहीत पाहिजे,” सिस्टर म्हणाली. तीही सकाळपासून उभीच असावी. “लसीचे दोन डोस घ्या, मध्ये चार आठवडे जाऊ द्या. दुसऱ्यानंतर आणखी पंधरा दिवस. तोवर तुम्हाला आत सोडता येणार नाही.”

आणि धाकटा भाऊ सोमवारी आत जाणार होता. त्याच्या रक्ताचा आजार वर्षभर घराला पुरून उरला होता. आता बोन मॅरो बदलायचा, म्हणजे दीड-दोन महिने काचेच्या खोलीत मुक्काम. अंगात प्रतिकारशक्ती नावालाही उरणार नाही, लहान पोरांच्या कांजिण्याही त्याच्या जिवावर बेतू शकतात. सोबतीला घरातलं एकच माणूस, आणि ते माणूस कोण हे कुणी कुणाला विचारलंसुद्धा नव्हतं. ताईच. दुसरं कोण?

ताई एका हॉटेलच्या लाँड्रीत कामाला होती. दिवसभर चादरींच्या घड्या. तिथेही तिला सगळे ताईच म्हणत, तिच्याहून मोठे असलेलेसुद्धा. ताई म्हटलं की काम होतं, हे लोकांना फार लवकर कळतं. वडील गेले ते तिच्या हातावर, आईचा खुबा मोडला तो तिच्या सुट्टीत, भाऊ आजारी पडला तो तिच्या गुडघ्यांनी संप पुकारल्यावर. रिपोर्ट हातात घेऊन ती बसस्टॉपवर बसली, आणि खरं सांगायचं तर क्षणभर तिला बरं वाटलं. आपल्याला आत सोडणार नाहीत, म्हणजे आपण दीड महिना घरी झोपू शकतो. मग तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की समोर आलेली बस तिने तशीच जाऊ दिली.

घरी आईने कागदाकडे पाहिलंही नाही.

“काहीतरीच! तू नऊ वर्षांची, मधली सहाची, हा तिनाचा. तिघांना एकदम निघाल्या. मी दोन-दोन पाळ्या करत होते कारखान्यात. तू अंगावर फोड घेऊन रात्रंदिवस याच्या उशाशी बसलीस, याचे हात धरून. खाजवू दिलं नाहीस. म्हणून तर पोराच्या तोंडावर एक वण नाही. आणि मधलीचं बघ, तिला दम कुठला! ओरबाडून घेतलं सगळं तोंड.”

ही गोष्ट ताईने हजारदा ऐकली होती. पाहुण्यांना चहाबरोबर ती मिळायचीच. त्या गोष्टीच्या जोरावर ती चाळीस वर्षं ताई होती. तिच्या हनुवटीवर एक वणही होता, आणि गोष्ट संपताना आई नेमानं त्यावर बोट ठेवायची.

दुसऱ्या दिवशी ती लस घ्यायला गेली. सोबत मधली येणार होती. मधली म्हणजे घरातलं हसायचं हक्काचं गिऱ्हाईक. चार नोकऱ्या बदलून आता चपलांच्या दुकानात टेकलेली, कुठेही अर्धा तास उशिरा पोहोचणारी. भावाजवळ हिला बसवायचं, या विचाराने ताईचा जीव रात्रभर टांगणीला लागला होता. ही औषधाची वेळ चुकवेल, हात न धुता आत शिरेल, बसल्या जागी फोनवर गप्पा मारेल. पण तिला कांजिण्या होऊन गेल्या होत्या, आणि दुसरं कोणीच नव्हतं.

मधली अर्धा तास उशिराच आली. ताई भिंतीला टेकून फॉर्म भरत होती. पूर्वी कांजिण्या झाल्या आहेत का, या प्रश्नापाशी तिचं पेन अडलं होतं.

“नाही लिही की,” मधली शेजारी बसत म्हणाली.

“आई म्हणते—”

“आई गेली चाळीस वर्षं म्हणते. तू घरात नव्हतीसच तेव्हा. तुझी परीक्षा होती म्हणून तुला शिवणवाल्या मावशींकडे ठेवलं होतं, पंधरा-वीस दिवस. तुझ्या हनुवटीवर ते काय आहे? त्यांच्या कापायच्या टेबलाचा कोपरा लागलाय तो. तूच मला दाखवलंस परत आल्यावर, ऐटीत.”

ताईने पेन खाली ठेवलं. मावशींचं ते टेबल तिला आठवलं. खडूने आखलेली कापडं, मशीनचा आवाज, आणि कुणीही काही काम न सांगता गेलेले दिवस. ते दिवस तिला नेहमीच आठवायचे, फक्त ते कधीचे हे तिने कधी जुळवून पाहिलं नव्हतं.

“मग याचे हात कोणी धरले?”

मधलीने खांदे उडवले. “घरात होतं कोण? आई कामावर, बाबा बाहेरगावी. मीच.”

“बोलली का नाहीस मग कधी?”

“बोलले होते गं दोन-तीनदा. सगळे हसले. मग म्हटलं मरू दे. तुझ्या नावावर एवढं सगळं होतं, त्यात आणखी एक.”

ताई तिच्याकडे बघत राहिली. मधलीच्या गालांवर आणि भुवईपाशी खड्डे होते. दम नसल्याची ही खूण घरात तिच्या लग्नापर्यंत टिंगलीला पुरली होती. दिवसभर भावाचे हात धरून बसलेल्या सहा वर्षांच्या मुलीने रात्री तो झोपल्यावर स्वतःचं तोंड ओरबाडलं होतं. तिचे हात धरायला कुणीच नव्हतं.

ताईला रडू आलं नाही, तेवढी ताकदच नव्हती. तिने फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं.

आतल्या नर्सने विचारलं, “काही गोळ्या चालू? ॲलर्जी? गरोदर आहात?”

“या वयात? तेवढंच राहिलंय,” ताई म्हणाली, आणि दारातून मधली फिसकन हसली.

सुई टोचली, कापसाचा बोळा दाबला, झालं. नर्स म्हणाली, “दंड दुखेल, थोडा ताप येईल. अंगावर फोड दिसले तर मात्र रुग्णाजवळ फिरकायचं नाही. आज आराम करा.” आराम करा, हे ताईला इतक्या वर्षांत कुणी सांगितल्याचं आठवेना.

सोमवारी मधली वेळेआधी पंधरा मिनिटं हजर होती. नखं कापलेली, केस बांधलेले, फोन बंद.

बुधवारी कामावरून परतताना ताई काचेबाहेर येऊन उभी राहिली. औषधांनी भावाच्या अंगाला खाज सुटली होती. तो मान इकडून तिकडे टाकत होता. मधली हातमोजे घालून उशाशी बसली होती, त्याची दोन्ही मनगटं हलकेच धरून, आणि त्याला काहीतरी सांगत होती. काचेतून ऐकू येत नव्हतं, पण तो हसत होता. मधलीला बाहेर कोण आलंय याचा पत्ताही नव्हता.

ताईचा फोन वाजला. आई होती.

“ताई, आज तरी सोडलं ना तुला उशाशी बसायला?”

“नाही आई. मी बाहेर आहे. तेव्हा जी बसली होती, तीच बसलीय.”

“म्हणजे?”

ताईने सांगितलं. मावशींचं टेबल, परीक्षा, हनुवटी, सगळं. फोन कट झाला की काय म्हणून ताईने एकदा बघितलंही.

“आई?”

“तोंड ओरबाडलं म्हणून मी मारलं होतं गं तिला,” आई म्हणाली.

ताईने फोन दुसऱ्या हातात घेतला. सुई टोचलेला दंड अजून ठणकत होता. आत मधलीने भावाची मनगटं सोडली नव्हती.